उलट्या दांड्याची गाडी

"बहिणीला गाडी विकू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

दादा हे म्हणाला आणि त्याने पुढचा घास घेतला. म्हणजे त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. वहिनी भाकरी वाढत होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पायांचे कॅलिपर सोडून भिंतीला टेकवून ठेवले होते. कॅलिपर काढलेले असले की मला भांडताना उठून जाता येत नाही, हे दादाला चांगलं माहीत होतं. असले विषय तो नेमके जेवतानाच काढायचा.

"मग विकू नको. देऊन टाक," मी म्हणाले.

"फुकट?"

"आप्पांनी माझ्यासाठीच घेतली होती ती."

"कागदावर नाव कुणाचं हाय?"

नाव त्याचं होतं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, ती जुनी पांढरी गाडी घेतली तेव्हा माझ्याकडे लायसन नव्हतं. "नाव काय, आपल्या घरातच हाय की," असं म्हणून त्यांनी दादाच्या नावावर घेतली आणि मग स्वतः तिच्यामागे लागले. आप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. माझे दोन्ही पाय पोलिओने लहानपणीच गेले होते, त्यामुळे गाडी हातानेच चालणार होती. क्लचचं काम गिअरच्या मुठीवरच्या बटणावर आलं, ते बाजारातून आणून बसवलं. ब्रेक आणि वेग यांच्यासाठी मात्र आप्पांनी एकच लोखंडी दांडा बनवला आणि तो स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला काढला. मूठ म्हणून त्याला मागाचा जुना धोटा बसवला. सूत वाहून वाहून ते लाकूड इतकं गुळगुळीत झालं होतं की उन्हाळ्यातही हाताला गार लागायचं.

दांडा पुढे ढकलला की गाडी पळायची आणि मागे ओढला की थांबायची. बाजारातले दांडे याच्या बरोबर उलटे असतात, त्यांत पुढे ढकललं की ब्रेक लागतो. मिरजेचा एक मेकॅनिक आप्पांना म्हणाला होता, "पाव्हणं, तुम्ही उलटं बसवलंय." आप्पा म्हणाले, "हिला उलटंच जमतं." चारचौघांत असं बोलल्याचा मला राग आला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

आप्पा जाऊन वर्ष झालं आणि दादाला नवीन मोठी गाडी हवीशी झाली. दारात जागा एकाच गाडीची.

"मी गिरणीत कशी जाऊ?" मी विचारलं. मी सूतगिरणीच्या लॅबमध्ये सुताचा नंबर, म्हणजे ते किती जाड-बारीक आहे ते, तपासायचं काम करत होते. गिरणी जयसिंगपूरच्या बाहेर, बस फाट्यावर सोडते आणि तिथून पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेला रस्ता. त्या रस्त्यावरून कुबड्या घेऊन मी एकदा गेले होते, आणि मला दोघांनी उचलून आणलं होतं.

"नको जाऊस. घरात काय कमी हाय तुला?"

त्याला काय हवं होतं ते आता उघड झालं. मी घरात बसायचं, भाज्या निवडायच्या आणि कुणी आलं की दादाने म्हणायचं, बहिणीला आम्हीच सांभाळतो.

"मी पैसे देते ना. रोख."

"पुन्हा तेच. बहिणीकडनं पैसे घेऊन गाडी दिली म्हणतील लोक. ॲपवर टाकतो. तिथं कोण कुणाला विकतोय, कुणाला कळत नाही."

त्याच्या त्या शेवटच्या वाक्यानेच मला वाट दाखवली.

त्याने गाडी लिलावाच्या ॲपवर टाकली. माहिती स्वतः भरली आणि मोठ्याने वाचून दाखवली: "हँड कंट्रोल बसवलेले आहे, स्टँडर्ड." मी म्हणाले, स्टँडर्ड नाही, उलटं आहे. तो म्हणाला, तू गप. ॲपवाल्यांचा माणूस आला, त्याने इंजिन चालू करून ऐकलं, टायरचे आणि काचांचे फोटो काढले. गाडी चालवून बघायचं त्याच्याच्याने होईना, दांड्याकडे बघून तो लाजल्यासारखा हसला आणि निघून गेला.

मी लॅबमध्ये बसून माझ्या नावाचं खातं उघडलं. तिथे बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. सुरुवातीला पाचसहा नंबर होते, मग दोनच उरले. एक मी आणि दुसरा एक हट्टी. मी चढवलं की तो चढवायचा, तेही लगेच, जणू माझीच वाट बघत बसला होता. कोण असेल तो, हे मी मनात पक्कं ठरवून टाकलं होतं. कोल्हापूरचा कुणी गाड्यांचा दलाल, गळ्यात साखळी, तोंडात मावा. गाडी घेणार, आप्पांचा दांडा कापून भंगारात टाकणार, पेडल मोकळे करणार आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गळ्यात मारणार. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या टेबलावरची निर्मला उठून बाहेर गेली. शेवटी माझ्या प्रॉव्हिडंट फंडात होतं तेवढं सगळं संपलं आणि मी थांबले. फोनवर आलं की तुमची बोली दुसरी आहे, पहिला व्यवहार फिसकटला तर तुम्हाला विचारू. फिसकटू दे, असं मी मनापासून म्हटलं.

संध्याकाळी दादा पेढे घेऊन आला. "दोन येडी भेटली बघ," तो वहिनींना सांगत होता, "एकमेकांच्या नादानं चढवतच गेली." मी पेढा खाल्ला नाही. दोन वेड्यांपैकी एक समोरच बसलंय, हे त्याला सांगून टाकावंसं वाटलं, पण मी जीभ आवरली.

रविवारी दुपारी गाडी न्यायला माणूस येणार होता. मी मुद्दाम ओसरीत बसून राहिले. त्या दलालाचं तोंड मला बघायचं होतं. दारात रिक्षा थांबली आणि आधी बाहेर आली ती कुबडी. मग एक बाई उतरली. चाळिशीची, काळीसावळी, कपाळाला आठ्या, उजवा पाय मांडीपासून नव्हता. रिक्षावाला हात द्यायला गेला तर म्हणाली, "बाजूला हो. पडले तर उचल, तोवर नको."

माझा साखळीवाला दलाल एका क्षणात नाहीसा झाला, पण राग काही गेला नाही. त्याला दुसरं कुणी सापडेना म्हणून तो तिच्यावरच वळला.

"शालन खोत. निपाणीहून आलेय," ती म्हणाली. मला, माझ्या कॅलिपरला आणि ओसरीतल्या कुबड्यांना तिने एकदा नजरेखालून घातलं. "गाडी तुमची होती व्हय?"

"आहे," मी म्हणाले.

"होती," दादा म्हणाला. "या, चहा घेणार?"

"चहाला नाही आले. चावी द्या."

ती गाडीत बसली. बसण्याची पद्धत सरावाची होती: आधी पाठ, मग एका हाताने छत धरून आत. मी ओसरीतूनच विचारलं, "आधी चालवलीय अशी गाडी?"

"होती एक. नवऱ्याबरोबर गेली."

"त्या गाडीत पुढं ढकललं की ब्रेक असणार. यात उलटं आहे. ढकललं की पळते, ओढलं की थांबते."

शालनने दादाकडे पाहिलं. "तुम्ही तर स्टँडर्ड लिहिलंय."

"ती मुद्दाम करायलीय," दादा म्हणाला. "तिला गाडी सोडवत न्हाई. काल रात्रीपासनं तोंड फुगवून बसलीय."

"मी खोटं बोलत नाही."

"खोटं कशाला असेल," शालन म्हणाली. तिने दांडा हलवून पाहिला. "ढकललं की पळते, ओढलं की थांबते. समजलं. त्यात काय शाळा शिकायची?"

मी उठले. कुबड्या बगलेत घेतल्या, पायऱ्या उतरले आणि गाडीचं डावं दार उघडलं.

"हे काय?"

"मी शेजारी बसते."

"गाडी माझी झालीय आता."

"गाडी तुमची, पण गल्ली आमची. इथं लेकरं खेळतात."

"बसा. पण तोंड मिटून बसा."

मी तोंड मिटून बसले. तिने गाडी चालू केली, मुठीवरचं बटण दाबून गिअर टाकला आणि दांडा हळूच ढकलला. गाडी फाटकातून बाहेर पडली. वळणावर तिने दांडा ओढला, गाडी थांबली. पुन्हा ढकलला, निघाली. गल्लीच्या टोकाला जाऊन, देवळापाशी वळवून ती परत फिरली. तिच्याकडून एकही चूक झाली नाही. मला ते सोसवेना. माझी चप्पल घालून दुसरंच कुणी चालतंय आणि त्याला ती फिट्ट बसतेय, असं वाटत होतं. तिने कुठे तरी गचका खावा, गाडी बंद पडावी, असं मी मनात म्हणत होते.

"उगाच घाबरवलं," ती म्हणाली. "लिलावात माझ्यावर बोली चढवत होता तो पण तुमच्यासारखाच कुणी तरी खवीस असणार. शेवटच्या मिनिटापर्यंत पिच्छा सोडला नाही मेल्याने."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

फाटक आलं. आत दादाची नवी गाडी उभी होती, जुनी निघेपर्यंत कशीबशी आडवी लावलेली, काचेवर अजून हार होता. शालनने अर्ध्या वेगाने आत घेतली आणि नेमका त्याच वेळी दादा नव्या गाडीच्या आडून समोर आला. गाडी ताब्यात दिल्याचा व्हिडिओ ॲपवर टाकावा लागतो. तोच घेत होता तो. डोळे फोनमध्ये, पाठ नव्या गाडीला.

"इकडं बघा, जरा हसा की," तो म्हणाला.

शालन दचकली आणि तिचा हात पुढे गेला.

गाडीने उसळी घेतली. त्यात विचार करायला जागाच नव्हती. मी एवढंच सांगू शकते की माझा उजवा हात तिच्या हातावर होता आणि तिच्या बोटांसकट तो धोटा मी माझ्या छातीकडे खेचत होते, सगळ्या अंगाने. गाडी थांबली, इंजिन बंद पडलं. समोर दादा बॉनेटवर दोन्ही हात टेकून वाकला होता. त्याचे गुडघे आमचा बंपर आणि नव्या गाडीचा दरवाजा यांच्या मधे होते. मधे किती जागा उरली होती ते मला बसल्या जागेवरून दिसत नव्हतं. दादा ओरडत नव्हता, यावरून पाय शाबूत आहेत एवढं मी समजले.

"मागं घ्या," तो अगदी हळू म्हणाला. "मागं घ्या."

"मी घेत नाही," शालन म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मला येत नाही. ह्यांना सांगा."

आम्ही दोघींनी जागा बदलल्या. दोन अपंग बायकांनी गाडीत जागा बदलायची म्हणजे किती वेळ लागतो, ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. तेवढा वेळ दादा तसाच वाकून उभा होता. हलायचं त्याला सुचलंच नाही. मी गाडी हातभर मागे घेतली, तेव्हा तो खाली बसला आणि पहिलं वाक्य म्हणाला ते असं:

"दोघी मिळून मारायला निघाला होता मला."

"मी तुला उलटं आहे म्हणून सांगितलं होतं."

"तूच केलंस हे. आप्पांनी आणि तू. सगळं उलटं." तो धुळीत बसून बोलत होता. "दिवसभर त्या गाडीखाली पडलेले असायचे. माझ्या लग्नाच्या गडबडीत पण गाडीखालीच. माझ्यासाठी कधी एक खिळा ठोकला होता का त्यांनी?"

त्याचं म्हणणं खरंच होतं.

शालन गाडीतच बसून फोनवर बोलत होती, ॲपच्या ऑफिसशी. "स्टँडर्ड लिहिलंय. स्टँडर्ड नाही. जीव गेला असता एकाचा. हो, व्हिडिओ आहे, मालकानेच काढलाय. मला नको ही गाडी, रद्द करा." दादा उठून खिडकीशी आला. नको कसं, बोली लागलीय, असं काही तरी म्हणाला. तिने काच वर केली.

पंधरावीस मिनिटं गेली. वहिनींनी चहा आणून ओसरीच्या कठड्यावर ठेवला, तो कुणी घेतला नाही. मग दादाचा फोन वाजला, आणि त्याच्या पाठोपाठ माझा. पहिली बोली रद्द झाली आहे, तुमच्या बोलीला गाडी हवी आहे का. मी होय दाबलं. दादाच्या हातातला फोन पुन्हा वाजला. त्याने तो पाहिला, मग माझ्या फोनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तू?"

"मी."

"म्हणजे माझ्यावर बोली चढवत होतात त्या तुम्हीच?" शालनने काच खाली केली होती.

"आणि माझ्यावर तुम्ही."

"बाई, तुमचं वाटोळं होवो," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिने ते मनापासून म्हटलं.

दादा फोन खिशात घालत म्हणाला, "न्हाई. तुला न्हाई विकणार. गावात तोंड कसं दाखवू? भावाने बहिणीला गाडी विकली, ती पण असल्या बहिणीला."

तेव्हा वहिनी बोलल्या. माझं त्यांचं कधी पटलं नाही, माझ्या बाजूने त्या जन्मात बोलल्या नव्हत्या, आणि आताही माझ्या बाजूने बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. थंड चहाचे कप गोळा करता करता त्या म्हणाल्या, "द्या त्यांना. मघाशी तुमचे पाय गेले असते, तर हीच गाडी तुम्हाला लागली असती."

दादाने खाली वाकून आपल्या पँटच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली. बराच वेळ झटकत राहिला. मग फोन काढला, अंगठा दाबला आणि घरात गेला.

शालनला स्टँडवर सोडायला मीच गेले. रिक्षा बोलावते म्हणाली, पण रविवारी आमच्या गल्लीत रिक्षा मिळत नाही. गाडीत ती खिडकीला खेटून बसली होती आणि माझ्या हाताकडे बघत होती.

"मला आधीच सांगितलं होतं तुम्ही," ती एकदम म्हणाली. "डोक्यात होतं माझ्या. तरी हात पुढं गेला."

"सवय असते."

"सवय नाही हो. घाबरले की मी ढकलते. नवरा अंगावर आला की त्याला पण ढकलायची. एकदा जिन्यावरनं पडला, मग त्याला सोडून जायला निमित्तच मिळालं." तिने दांड्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या वडलांना उलटं बसवायचं कसं काय सुचलं?"

मागाचं हँडल तसं असतं म्हणून, असं मी सांगणार होते. इतकी वर्षं सगळ्यांना तेच सांगत होते. तोंड उघडलं आणि मला आप्पांचे सदरे आठवले. मी लहान असताना आप्पा मला कडेवर घेऊन कारखान्यात जायचे. सगळे माग एकदम खडखडायला लागले की मी त्यांचा सदरा मुठीत धरून छातीकडे ओढायची. ती खोड पुढेही गेली नाही. कुत्रं अंगावर आलं, दवाखान्यात सुई दिसली, कुबडी सटकली, की हाताला येईल ते मी जवळ ओढायची. आई रोज दिव्याखाली बसून त्यांच्या सदऱ्यांना बटणं लावायची आणि मला बोल लावायची. आप्पा तिला म्हणायचे, "ओढू दे की. धरून तर ठेवती."

हिला उलटंच जमतं. मेकॅनिकला त्यांनी एवढंच सांगितलं होतं आणि मी रुसले होते. मी घाबरल्यावर काय करते ते बघून त्या माणसाने ब्रेक बसवला होता. मघाशी मला ब्रेक लावायचं सुचलं नव्हतं. मी फक्त घाबरले होते.

हे मी शालनला जमेल तसं सांगितलं. ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

"माझ्या बापाला मी घाबरते एवढंच माहीत होतं," ती म्हणाली. "त्यालाच घाबरायची."

स्टँडवर निपाणीची एसटी लागलेली होती. ती उतरली, कुबडी बगलेत घेतली आणि दार लावण्याआधी आत वाकली. "आकडा उगाच चढवलात. भरा आता," ती म्हणाली. निरोप असा काही घेतला नाही. बसच्या पायरीशी कंडक्टर हात द्यायला आला, त्याच्यावरही खेकसली. पुढे दोनेक वर्षांनी तिचा फोन आला, तिला एक गाडी मिळाली होती, पुढे ढकलून ब्रेक लागणारी. ते सांगायला नव्हे, तर आमच्या लिलावात मी किती चढवलं होतं ते ऐकवायलाच तिने केला होता.

दादाने माझ्याकडून बोलीचा सगळा आकडा घेतला, एक रुपया सोडला नाही. कागद माझ्या नावावर झाले आणि त्याच महिन्यात मी गिरणीजवळ खोली घेतली. भाऊबिजेला मी जाते. त्याला ओवाळते, तो ताटात पाकीट टाकतो. पाहुणे जमले की तो अजून सांगतो, पद्मीला मी गाडी दिली, ओवाळणीत. वहिनी आत निघून जातात आणि मी काही बोलत नाही. निघताना तो मला सोडायला फाटकापर्यंत येतो. मी गाडीत बसते, चावी फिरवते. तेवढ्यात तो न विसरता बाजूच्या भिंतीकडे सरकतो आणि गाडी निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहतो.